३०० वॅटवर मोठं कार्ड बसेल का?

प्रश्न: भाऊ, माझा कंपनीचा तयार पीसी आहे, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) ३०० वॅटचा, त्यात आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड टाकलं तर चालेल का? – एक वाचक, देवगड

उत्तर: नको हो, ते कार्ड एकटंच १७० वॅट खातं, कार्डाची कंपनी ५५० वॅटचा सप्लाय सांगते आणि पॉवरची ८ पिनची वायर लागते ती तुमच्याकडे बहुतेक नसणारच. नवीन एसएमपीएस घ्यायचा तर आधी कॅबिनेट उघडून बघा, मदरबोर्डाला (आतल्या मुख्य पाटीला) नेहमीचा २४ पिनचा प्लग नसला तर बाजारातला साधा बसत नाय. त्यापेक्षा आरटीएक्स ३०५० चं ६ जीबी मेमरीवालं बघा, ७० वॅटचं, मदरबोर्डावरच्या कार्डाच्या स्लॉटमधून ७५ वॅट मिळतात त्यातच भागतं, फक्त पॉवरची वेगळी वायर न लागणारं मॉडेल मागा. आणि उघडलंच आहे तर पिना पण बघा, खाऱ्या हवेने माझ्या हिरव्या पडलेल्या.