चिऱ्याच्या भिंती, राजांगण आणि आईचे श्रवणयंत्र

प्रश्न : आमचे घर जुने, चिऱ्याचे (जांभ्या दगडाचे) आणि मधोमध राजांगण, म्हणजे उघडा चौक, असलेले आहे. ७८ वर्षांच्या आईला नुकतीच ब्लूटूथची श्रवणयंत्रे घेतली. फोनवरचे बोलणे आणि कीर्तन ती थेट कानांत ऐकते. वसरीवर फोन ठेवून ती स्वयंपाकघरात गेली की आवाज तुटतो, हे समजू शकते. पण फोन डाव्या कमरेला पिशवीत खोचून ती तुळशीला पाणी घालायला राजांगणात आली, तरी उजव्या कानातला आवाज तुटतो. उघड्या जागेत असे का व्हावे? यंत्र सदोष आहे का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : यंत्र बदलून आणण्याची घाई करू नये, आपण वर्णन केलेल्या दोन्ही गोष्टी ब्लूटूथच्या रेडिओ लहरींच्या स्वभावातच आहेत.

ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते. या लहरींची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते आणि पाणी त्यांना शोषून घेते. माणसाच्या शरीरात पाणीच अधिक, त्यामुळे डाव्या कमरेचा फोन आणि उजवा कान यांच्यामध्ये आईचे स्वतःचे शरीरच आड येते. खोलीत हा अडथळा जाणवत नाही, कारण शरीराला वळसा घालू न शकलेल्या लहरी भिंतींवर, छतावर आणि जमिनीवर आपटून दुसऱ्या वाटेने कानापर्यंत पोचतात. राजांगणात वर आकाश आणि भिंती लांब. तिथे परतून येणाऱ्या लहरी फार थोड्या. उघड्यावर आवाज अधिक स्वच्छ यावा, अशी आपली समजूत स्वाभाविक आहे, परंतु या बाबतीत बंद खोलीच मदतीला येते.

स्वयंपाकघराचे कारण अर्थातच चिरा. जुन्या घरांतल्या जाड भिंती लहरींना अडवतातच, शिवाय चिरा सच्छिद्र असल्याने पावसाळ्यात पाणी धरून ठेवतो, आणि ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा अधिक लहरी गिळते. आषाढ-श्रावणात त्रास वाढल्याचे जाणवले, तर त्याचे आश्चर्य वाटू नये. घरात मायक्रोवेव्ह असल्यास तोही याच पट्ट्यात, २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो. अशा गोंगाटातून वाट काढण्यासाठी मूळ ब्लूटूथ ७९ वाहिन्यांवरून, म्हणजे या पट्ट्याच्या लहान लहान भागांवरून, सेकंदाला १६०० वेळा उड्या मारते. श्रवणयंत्रांत बहुधा वापरल्या जाणाऱ्या कमी ऊर्जेच्या प्रकारात ४० वाहिन्या असतात. गजबजलेली वाहिनी टाळणे त्याला जमते, भिंत ओलांडण्याची ताकद मात्र या उड्यांतून येत नाही. ही ताकद काही मिलिवॉटांचीच ठेवलेली असते, नाहीतर कानामागची इवलीशी बॅटरी दिवसभर पुरणार नाही.

आईंना फोनसाठी गळ्यात अडकवायची पिशवी शिवून द्यावी आणि फोन छातीवर, समोर राहील असे पाहावे. तिथून दोन्ही कान जवळजवळ सारख्याच अंतरावर येतात. मग त्यांना वृंदावनाभोवती एक प्रदक्षिणा घालायला सांगून आवाज कुठे तुटतो ते विचारावे. बॅटरी नवी किंवा पूर्ण चार्ज केलेली असू द्यावी, कारण ती उतरली की थेट आवाज पोचवणे आधी अडखळू लागते. एवढे करूनही उजवाच कान गप्प होत असेल, तर ते एक यंत्र श्रवणतज्ज्ञांकडे तपासायला न्यावे आणि हा प्रदक्षिणेचा अनुभव त्यांना जसाच्या तसा सांगावा.