टाळ्या पडल्या, पण परत कुणी बोलावलं नाही

प्रश्न : नमस्कार सर, मी जुळे सोलापूरचा, फौजेत 26 वर्षं झाली, पलटण कमांड केली, अजून 8 महिने सर्व्हिस बाकी आहे. रिटायर झाल्यावर कंपन्यांच्या मॅनेजर लोकांना लीडरशिप शिकवायची असं डोक्यात आहे. सुट्टीवर आलो तेव्हा अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलवाल्या मालकांसमोर दोन तास बोललो, सियाचेनचं सांगितलं, टाळ्या भरपूर पडल्या पण परत कुणाचा फोन नाही. पीएचडी नाही म्हणून अडतंय का?

उत्तर : कर्नल साहेब, पीएचडीचं टेन्शन सोडा. कॉलेज-विद्यापीठात जायचं असेल तर यूजीसीनं 2022 मध्ये प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिसची वाट काढलीये, 15 वर्षांचा अनुभव बघतात, पीएचडी लागत नाही आणि आर्म्ड फोर्सेसचं नाव त्यात सरळ लिहिलंय. फक्त ती नेमणूक तीन-चार वर्षांपुरतीच असते. डीजीआरतर्फे (फौजींच्या पुनर्वसनाचं सरकारी खातं) आयआयएममध्ये ऑफिसरांसाठी 24 आठवड्यांचा कोर्स असतो, त्याची चौकशी आजच करा. तिथं लीडरशिपच्या तासाला झोपलात तरी चालेल पण बॅलन्स शीट नीट शिकून या.

आता खरं सांगू का, टाळ्या सियाचेनला पडल्या, तुमच्या शिकवण्याला नाही. मालक घरी गेला आणि त्याच्यापुढं परत तेच, सुताचा भाव वाढलाय, एक्सपोर्टची ऑर्डर लटकलीये, आणि जॉबर (माग सांभाळणारा कारागीर) उचल घेऊन शेजारच्या कारखान्यात गेलाय, त्याचं कोर्ट मार्शल तर करता येत नाही ना! नवा ऑफिसर मद्रास रेजिमेंटला गेला की जवानांसाठी तमिळ शिकतोच की, तसं इथं आधी महिनाभर कारखान्यात नुसतं बसा, बीम, मीटर, उधारी ही भाषा कानावर पडू द्या, आणि इथले बरेच कामगार तेलुगू बोलतात, तेव्हा थोडं तेलुगू आलं तर सोन्याहून पिवळं.

मग तुमच्याकडचा डीब्रीफ काढा, काय ठरलं होतं, काय झालं, का झालं, पुढच्या वेळी काय करायचं. अमेरिकन आर्मीत त्याला आफ्टर ॲक्शन रिव्ह्यू म्हणतात, मोठमोठ्या कंपन्यांनी तो तिथूनच उचललाय. त्यांचीच एखादी फसलेली ऑर्डर घ्या आणि सगळ्यात ज्युनिअर माणसाला आधी बोलू द्या. तेवढा वेळ मालकाला मात्र बाहेर चहाला पाठवा, मी एकदा पहिल्या रांगेत बसवलं होतं तर दोन तास सगळे नुसते "होय मालक, होय मालक" (आपल्याकडं तसंही रिक्षावाल्यापासून सगळेच मालक म्हणा). तुमचा स्वतःचा एखादा चुकलेला निर्णय आधी सांगा, त्याशिवाय सुपरवायझर तोंड उघडत नाही.

आणि पहिलं सेशन फुकट देऊ नका, फुकट म्हटलं की सुपरवायझर मशीनवरच राहतात आणि रिकामा बसलेला भाचा पाठवून देतात.