विश्वामित्रीच्या मगरी : वाचकांचे प्रश्न

ढाढर नदीकाठच्या एका गावात गेल्या महिन्यात कपडे धुवायला उतरलेल्या बाईंना मगरीने ओढून नेले. त्यांच्या घरच्यांचे सांत्वन करायला माझ्याकडे शब्द नाहीत. पण त्यानंतर आठवडाभरात नदीकाठी दगडाने ठेचलेले मगरीचे एक पिल्लू मला दाखवायला आणले गेले. दोन फूट लांबीचे, बेडकाहून मोठे काही धरू न शकणारे. मी पशुवैद्य आहे आणि बडोद्यात वीस वर्षे वनखात्याच्या माणसांबरोबर मगरी सोडवायला जातो. तेच ते प्रश्न पुन्हा येत आहेत, म्हणून एकत्र उत्तरे देतो.

बातमीत ‘सुसर’ लिहिले होते. आपल्याकडे सुसरी आहेत का? (रावपुरा)

नाहीत. बडोदा शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्रीत आणि जवळच्या ढाढर नदीत आहे ती मगर. लांब निमुळत्या तोंडाची, मासे खाणारी सुसर चंबळमध्ये पाहायला मिळते.

एकदा माणसाचे रक्त लागले की मगर चटावते, असे सगळे सांगतात. मग त्या मगरीला मारलेच पाहिजे ना? (मांजलपूर)

हे वाघाच्या गोष्टींतून मगरीला चिकटले आहे. मगर पाण्याच्या कडेला आवाक्यात येईल ते धरते : मासा, कासव, कुत्रा, शेळी. वाकून कपडे घासणारे माणूस पाण्यातून लहान जनावराएवढेच दिसते. ती चटावते आयत्या अन्नाला. पुलावरून कोंबडीच्या दुकानातले टाकाऊ मांस फेकायचे आणि मगर वर आली की मोबाइलवर चित्रीकरण करायचे, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. माणसाची चाहूल म्हणजे खाणे, हे तिला आपण शिकवतो. असे कुणी करताना दिसले तर वाद घालू नका, वनखात्याला कळवा. एखादी मगर खरोखर धोकादायक झाली आहे का, हे राज्याचे मुख्य वन्यजीव अधिकारी ठरवतात. त्यांच्याखेरीज तो अधिकार कुणालाही नाही.

विश्वामित्रीतल्या सगळ्या मगरी पकडून आजव्याला किंवा लांब कुठेतरी का सोडत नाहीत? माणसे मरेपर्यंत वाट पाहायची का? (समा)

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, म्हणून सविस्तर लिहितो. आजव्याच्या तलावात आधीच मगरी आहेत. मोठा नर आपल्या पट्ट्यात दुसऱ्या मोठ्या नराला टिकू देत नाही. तिथे नेऊन सोडलेली मगर मार खाऊन बाहेर पडते आणि जवळच्या कालव्यात किंवा गावतळ्यात शिरते, जिथल्या लोकांच्या ध्यानीमनीही मगर नसते. इकडे रिकामा झालेला डोह रिकामा राहत नाही. ऊन खायला काठ, खोल पाणी आणि मासे, एवढ्यासाठीच पहिली तिथे होती. त्याचसाठी दुसरी येते. शिवाय मगरवर्गातले प्राणी परत येतात. ऑस्ट्रेलियात खाऱ्या पाण्यातल्या मगरींवर उपग्रहाने लक्ष ठेवले, तेव्हा लांब नेऊन सोडलेला एक नर चारशेहून अधिक किलोमीटर पोहून आपल्या जागी परतला.

2025 च्या फेब्रुवारीत शहरातल्या पट्ट्यात मोजणी झाली, ती चारशेच्या वर गेली. एवढ्या मगरी आणि लाखो माणसे एकाच नदीच्या काठी राहतात, आणि बहुतेक दिवस काहीही घडत नाही. जे घडते त्याला जागा असते, वेळ असते. माणूस रोज त्याच दगडावर, त्याच सुमाराला उतरतो आणि मगर ते हेरून ठेवते. मार्च-एप्रिलमध्ये मादी काठावर खड्डा करून अंडी घालते आणि राखण करते; जूनमध्ये पिल्ले निघतात तेव्हा ती जवळ येणाऱ्या कुणावरही धावते. 2025 मध्ये नदी खोल आणि रुंद करायचे काम नेमके याच दिवसांत चालले. काठ खणले गेले तर मगर जागा बदलणारच.

आणि त्या बाई नदीवर का गेल्या, हे मला अजून एकानेही विचारलेले नाही. घरात पुरेसे पाणी येत असते तर त्या कशाला उतरल्या असत्या? जिथे उतरणे टळत नाही तिथे घाटापुढे पाण्यात लोखंडी खांब रोवून जाळीची चौकट करता येते. माणूस आत, मगर बाहेर. श्रीलंकेत नद्यांमध्ये अशा चौकटी आहेत. दोन उन्हाळ्यांपूर्वी मी एका गावासाठी असा आराखडा काढून दिला होता. तो कागद अजून एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरतो आहे, आणि प्रत्येक अपघातानंतर पिंजरे मात्र दुसऱ्या दिवशी पोचतात. याचा मला मनापासून राग येतो. तरी गावकऱ्यांनी स्वतःच बांबू ठोकून चौकट करू नये. पुरात ती वाहते, नाहीतर मगर आत अडकते. पंचायतीने वनखाते आणि पाणीपुरवठ्याचे अभियंते, दोघांना जागेवर बोलवावे.

आमच्या सोसायटीला एकाने मगर पळवणारे आवाजाचे यंत्र देऊ केले आहे. माणसाला तो आवाज ऐकू येत नाही म्हणे. घ्यावे का? (वडसर)

घेऊ नका. मगरीला ऐकू येतात ते खालच्या पट्टीतले आवाज. माणसाच्या कानापलीकडचा बारीक आवाज तिच्याही कानापलीकडे आहे. अपघात झाला की असे विक्रेते उगवतात. तेच पैसे नदीकडच्या भिंतीची भगदाडे बुजवायला आणि कचराकुंडी झाकायला लावा. भिंत कुठे आणि किती उंच हवी, ते वनरक्षकाला दाखवून ठरवा.

मगर चावल्यावर रेबीजची लस घ्यावी लागते का? (कारेलीबाग)

रेबीज सस्तन प्राण्यांचा रोग आहे, मगरीपासून होत नाही. पण जखम लहान दिसली तरी दात खोल जातात आणि तोंडातले जंतू आत उतरतात. स्वच्छ पाण्याने धुवा, रक्त दाबून धरा आणि थेट मोठ्या रुग्णालयात जा. धनुर्वाताचे इंजेक्शन, प्रतिजैविके आणि टाके केव्हा घालायचे हे तिथले डॉक्टर ठरवतील. हळद भरून घरी बसू नका.

आमच्या मंडळाची मुले दोरी टाकून मगर पकडू शकतात. खाते येईपर्यंत थांबायचे कशाला? (अकोटा)

मगर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत आहे. परवानगीशिवाय पकडणे हीसुद्धा कायद्याने शिकारच. शिक्षा किमान तीन वर्षे कैद. आणि मुलांचे हात-पाय जातील ते वेगळे.

वडिलांच्या दशक्रियेला चांदोदला जायचे आहे. नर्मदेत बुडी मारल्यावाचून चालेल का? (दांडिया बाजार)

वडिलांच्या निधनाचे ऐकून वाईट वाटले. विधीचे गुरुजींना विचारा. वरच्या पायरीवर बसून तांब्याने स्नान करता येईल का, असे स्पष्ट विचारा. उतरायचेच असेल तर नावाड्यांना विचारून, भर उजेडात, चारचौघांबरोबर, गुडघ्याच्या खालपर्यंतच. मुलांना पाण्याशी नेऊ नका. निर्माल्य आणि पिंड पाण्यात सोडून झाले की तिथे रेंगाळू नका. त्यावर मासे जमतात, आणि माशांमागे मगर.

पावसात अंगणात मगर आली तर पहिले काय करायचे? (फतेगंज)

दार लावा, कुत्रा आत घ्या, वनखात्याला फोन करा. 2024 च्या ऑगस्टमधल्या पुरात वस्त्यांतून कितीतरी मगरी सुखरूप उचलल्या गेल्या, कारण लोकांनी वेळेवर कळवले. ती पाण्याची वाट शोधत असते. गर्दी करून ती वाट अडवू नका. खात्याचा नंबर आजच भिंतीवर लिहून ठेवा.