पाळणा लांबवणं पाप आहे का?

प्रश्न : डॉक्टर मॅडम, माझं वय २६. लग्नाला सव्वा वर्ष झालं. नोकरी सांभाळून मी पुढची परीक्षा देते आहे, म्हणून तीन वर्षं तरी मूल नको असं आम्ही दोघांनी लग्नाआधीच ठरवलं होतं. मी गोळ्या घेते. हे कळल्यावर सासूबाई म्हणाल्या, "पहिलं होऊन जाऊ दे, मग काय ते करा. आधीच गोळ्या खाल्ल्या की पुढे दिवस राहत नाहीत." मावससासूबाई तर म्हणाल्या की ही भ्रूणहत्याच आहे. नवरा माझ्या बाजूने आहे, पण आईसमोर गप्प बसतो. मी रोज देवापुढे दिवा लावते. हल्ली हात जोडताना अपराधी वाटतं. मी खरंच पाप करते आहे का?

उत्तर : नाही, तू पाप करत नाहीस. हे आधी सांगते, कारण पुढचं वाचेपर्यंत तू ते ओझं उगाच वाहशील.

तू घेतेस त्या गोळ्यांमुळे त्या महिन्यात बीजांड बाहेरच पडत नाही. बीजांड नाही म्हणून गर्भ नाही, आणि जो गर्भ राहिलाच नाही त्याची हत्या होणार कशी? एवढं शरीरशास्त्र मावससासूबाईंना कुणी समजावून सांगितलेलं नसतं, यात त्यांचा दोष नाही.

त्या मनाचं काही बोलल्या असंही नाही. पराशरस्मृतीत, पत्नी ऋतुस्नात, म्हणजे पाळीनंतर न्हालेली, असताना जवळ असूनही तिच्याकडे न जाणाऱ्या पतीला भ्रूणहत्येचं पातक सांगितलेलं आहे. अशा वचनांचे पडसाद पिढ्यान् पिढ्या बायकांच्या बोलण्यात उतरत आले. पण हे वचन अक्षरशः घ्यायचं, तर व्रताच्या दिवसांत संयम पाळणारं प्रत्येक जोडपं पातकी ठरेल, आणि तसं तर कुठल्याच घरात कुणी मानत नाही. दुसरीकडे, बृहदारण्यक उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात पाहा. पत्नीला गर्भ राहू नये अशी इच्छा असेल तर पतीने काय करावं, हे तिथे दिलेलं आहे, आणि लगेच पुढे, राहावा अशी इच्छा असेल तर काय करावं, तेही आहे. त्या विधीने गर्भ टळत नाही, तेव्हा कृपा करून त्यावर विसंबू नकोस. मी ते सांगते आहे ते एवढ्यासाठी की मूल कधी हवं आणि कधी नको, हा विचार तिथेही अधर्म मानलेला नाही. आपल्या धर्मात या विषयावर एकच एक आज्ञा नाही आणि ती देणारं एक पीठही नाही.

हा वाद काही तुझ्या घरात सुरू झालेला नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं, त्यापायी अश्लीलतेचे खटले सोसले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. आणि पुढच्याच वर्षी डिसेंबरात वर्ध्याला अमेरिकेतल्या संततिनियमनाच्या प्रचारक मार्गारेट सँगर भेटायला आल्या तेव्हा गांधीजींनी साधनांना ठाम नकार देऊन संयमाचाच आग्रह धरला. गांधीजींबद्दल मला फार आदर आहे, पण या बाबतीत मी कर्व्यांच्या बाजूची आहे. संयमाचा उपदेश ऐकून घरी गेलेल्या बायकांना पुढच्या वर्षी पुन्हा दिवस गेलेले मी पाहिलेत. संयम ठेवायचा की नाही हे त्यांच्या हातात कधी नव्हतंच.

आता सासूबाईंचं. माझ्याकडे सुनेला घेऊन येणाऱ्या सासवांशी मी निवांत बोलते तेव्हा पाप थोड्या वेळाने आपोआप मागे पडतं. मग खरं बाहेर येतं : "हिला राहील ना हो?" "लग्नकार्यात सगळे विचारतात, काय सांगू?" "माझ्या डोळ्यांदेखत नातवंड दिसावं." यातलं काहीच वाईट नाही. भीती आहे, माया आहे. पण ती धर्माच्या नावाने बोलली गेली की सुनेला तिच्याशी बोलताच येत नाही, कारण देवाशी वाद कोण घालणार? तेव्हा त्यांच्या पापाला उत्तर देत बसू नकोस, त्यांच्या काळजीला दे.

त्यासाठी ही माहिती. गोळ्या बंद केल्यावर बहुतेकींची पाळी एक ते तीन महिन्यांत पूर्ववत होते आणि दिवस राहू शकतात. तांबी काढली की लगेच. सरकारी दवाखान्यांत मिळणाऱ्या 'अंतरा' इंजेक्शननंतर मात्र वेळ लागतो, शेवटच्या इंजेक्शनपासून साधारण सात ते दहा महिने. "गोळ्यांनी कूस बंद झाली" म्हणून ज्या येतात, त्यांच्यात तपासणीअंती कारण दुसरंच निघतं : आधीपासूनची अनियमित पाळी, थायरॉइड, जंतुसंसर्गाने बंद झालेल्या गर्भनलिका, आणि कितीतरी वेळा नवऱ्याच्या वीर्यातला दोष, जो तपासायला तो वर्षानुवर्षं आलेलाच नसतो. वय मोजायचं तर पस्तिशीनंतर गर्भ राहण्याची शक्यता भराभर कमी होते. तुझी तीन वर्षं विशीतच संपतात.

एक मात्र विचारते : गोळ्या सुरू करताना तुझा रक्तदाब कुणी मोजला होता का? दृष्टीसमोर चमकणाऱ्या रेषा येऊन अर्धशिशी उठते का? घरात कुणाला पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली होती का? रक्तदाब जास्त असेल किंवा अशी अर्धशिशी असेल तर गोळ्या थांबवून दुसरं साधन निवडायचं; घरात कुणाला गाठ झाली असेल तर डॉक्टरांना विचारून ठरवायचं. या आठवड्यातच दाखवून घे.

आणि हा परिच्छेद नवऱ्याला वाचायला दे. दादा, निर्णय दोघांचा होता. आईला सांगायचं कामही तुमचं आहे, आणि ते बायकोच्या नावाने नाही, स्वतःच्या नावाने : "आई, मला इतक्यात मूल नकोय." तुम्ही गप्प राहता तेव्हा तुमच्या वाटणीची बोलणी तिला खावी लागतात आणि तुमच्या वाटणीचं पापही तिच्याच माथी येतं.

प्रश्न : वय ३७, दोन मुलं. आता पुरे, असं दोघांचंही मत आहे. बायकोची दोन्ही बाळंतपणं सिझेरियनची, म्हणून मी स्वतः नसबंदी करून घ्यायची म्हणतो. पण आई म्हणते, "पुरुषाने ऑपरेशन करायचं नसतं, कामाची ताकद जाते." बायकोलाही तीच भीती आहे. काय करू?

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला फार बरं वाटलं. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसतं की देशातल्या ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली आहे, आणि पतीची नसबंदी झालेली जोडपी फक्त ०.३ टक्के. पुरुषाचं ऑपरेशन सोपं असूनही हे असं आहे. बाईचं पोट उघडावं किंवा दुर्बीण आत घालावी लागते. तुमच्या बाबतीत जागा बधिर करून कातडीला एक बारीक छिद्र पाडतात, टाका लागत नाही, अर्ध्या तासाच्या आत काम होतं आणि त्याच दिवशी घरी येता.

ताकदीचं सांगते. शुक्रजंतू वाहून नेणाऱ्या दोन नळ्या तेवढ्या बंद होतात. वृषणातून रक्तात जाणारं पुरुषी संप्रेरक तसंच राहतं. इच्छा, ताठरता, वीर्य बाहेर येणं, सगळं पहिल्यासारखं, कारण वीर्यातला बहुतेक भाग दुसऱ्या ग्रंथींतून येतो. दोन दिवस विश्रांती आणि आठवडाभर जड उचलणं टाळायचं. त्यानंतर तुम्ही ओझी वाहा, नांगर धरा.

आईंची भीती मात्र हसण्यावारी नेऊ नका. आणीबाणीत, १९७६–७७ या एकाच वर्षात, देशात ८० लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यातल्या बऱ्याचशा पुरुषांच्या, आणि कित्येकांवर सक्तीने. त्या पिढीने हे ऐकलंय, काहींनी पाहिलंय. तेव्हा ओढून नेत होते, आज तुम्ही आपणहून जाताय, हा फरक त्यांना शांतपणे सांगा.

जोडीदाराची संमती नियमाने लागत नाही, तरी बायकोला सोबत घेऊन डॉक्टरांना भेटा. आणि सगळ्यात महत्त्वाचं : शस्त्रक्रियेनंतर तीन महिने निरोध वापरायचाच, मग वीर्य तपासून शुक्रजंतू नाहीत याची खात्री करायची. ही तपासणी टाळणाऱ्यांच्या घरी पुढे बायकोवर नाही नाही ते संशय आलेले मी पाहिलेत.

प्रश्न : आम्ही कॅथलिक आहोत. साधनं वापरायची नाहीत अशी शिकवण आहे, म्हणून तारखा बघून चालतो. दुसरं मूल असंच चुकून झालं. श्रद्धा न मोडता काही मार्ग आहे का?

उत्तर : तुमच्या बाबतीत धर्माची शिकवण खरोखरच स्पष्ट आहे, आणि ती तशी नाही असं मी सांगणार नाही. पोप पॉल सहावे यांच्या १९६८ च्या परिपत्रकाने कृत्रिम साधनं नाकारली, पण सबळ कारण असेल तर गर्भधारणेचे दिवस टाळून अंतर ठेवणं त्याच परिपत्रकाला मान्य आहे. म्हणजे अंतर ठेवण्याची तुमची इच्छा चर्चच्या दृष्टीनेही पाप नाही. चुकली ती पद्धत. नुसत्या कॅलेंडरच्या तारखा भरवशाच्या नसतात, कारण पाळी पुढेमागे होते, आणि बाळंतपणानंतर किंवा अंगावर पाजत असताना तर तारखांना काही अर्थच उरत नाही. रोज सकाळी उठण्याआधीचं तापमान आणि योनीस्रावातला बदल, दोन्हींची नोंद एकत्र ठेवली तर ही पद्धत पुष्कळ विश्वासार्ह होते. ती कागदावर वाचून जमत नाही, जाणकाराकडून दोघांनी मिळून शिकावी लागते. निदान तीन पाळ्यांची नोंद हाती येईपर्यंत तारखांवर विसंबू नका. आणि तिसरं बाळंतपण पत्नीच्या जिवाला धोक्याचं आहे असं डॉक्टरांनी सांगितलं असेल, तर तो कागद घेऊन दोघेही तुमच्या फादरांना भेटा. मला त्या कागदाची प्रत पाठवा, वैद्यकीय बाजू मी त्यांच्यासाठी सोप्या मराठीत लिहून देईन.