न्हाणीघराचा उंबरठा काढला तर पाणी खोलीत येईल का?

प्रश्न : आमचे घर अंबाजोगाईत असून न्हाणीघर तळमजल्यावर, सात फूट लांब आणि साडेचार फूट रुंद आहे. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर आई वॉकरच्या आधाराने चालते आणि दारातील चार इंच उंचीची दगडी पट्टी ओलांडणे तिला जड जाते. पट्टी काढून, दारासमोरच्या भिंतीलगत लिनियर ड्रेन (पाणी वाहून नेणारी, वर जाळी असलेली लांबट पन्हळ) बसवण्याचा आमचा विचार आहे. पट्टी काढल्यास पाणी थेट खोलीत येईल, असे गवंडी सांगतात. काय करावे?

उत्तर : पट्टी अवश्य काढावी. पाणी खऱ्या अर्थाने अडते ते फरशीच्या ढाळामुळे आणि फरशीखालच्या वॉटरप्रूफिंगमुळे. ही दोन्ही कामे कच्ची असली की पट्टी असलेल्या न्हाणीघरांतही शेजारच्या भिंतीला ओल येते. आपल्याकडे हे अनेक घरांत दिसते.

आपल्या मापाचा हिशेब असा : ड्रेनकडील चार फुटांत, म्हणजे अंघोळीच्या भागात, ६० ला १ असा ढाळ (दर ६० मिलिमीटरला १ मिलिमीटर उतार) दिल्यास २० मिलिमीटर उतार मिळतो, दाराकडील तीन फुटांत १०० ला १ ढाळ ठेवल्यास आणखी ९ मिलिमीटर. म्हणजे दारापासून ड्रेनपर्यंत जेमतेम ३ सेंटीमीटर उतरायचे आहे आणि वॉकरला तो उतार जाणवणारही नाही. ड्रेन भिंतीच्या जवळजवळ पूर्ण रुंदीचा घेतला की ढाळ एकाच दिशेने राहतो, त्यामुळे मोठ्या टाइलही न कापता बसवता येतात. मधोमध गोल जाळी असती तर चारही बाजूंनी उतार देण्यासाठी टाइलचे तिरके तुकडे करावे लागले असते. टाइल मात्र खरखरीत, मॅट पृष्ठभागाचीच निवडावी.

फरशी उखडण्यापूर्वी बाहेरच्या चेंबरची खोली मोजून घ्यावी, कारण ड्रेनखालचा ट्रॅप (पाणी साठवून गटाराचा वास अडवणारा भाग) आणि त्यातून निघणारा पाइप चेंबरकडे उतरता राहिला पाहिजे. तळमजला असल्याने खोल जाता येते. वरच्या मजल्यावर स्लॅबची सळई उघडी पाडून अशी जागा करणे धोक्याचे असते आणि तिथे खोलीच्या फरशीची पातळीच वाढवावी लागते. खणताना खाली काळी माती लागली, तर ती काढून मुरूम भरावा, पाणी मारून धुम्मस करावा आणि मगच काँक्रीट टाकावे. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि काळजीपूर्वक दिलेला ढाळ दोन-तीन वर्षांत बिघडवते.

ढाळ कोब्यातच द्यावा, टाइलखालच्या मसाल्यात नव्हे. कोब्यावर पॉलिमरयुक्त सिमेंटच्या वॉटरप्रूफिंगचे दोन हात एकमेकांना आडवे द्यावेत, कोपऱ्यांत फायबरची जाळी दाबावी आणि लेप ड्रेनच्या कडेवर चढवून पक्का चिकटवावा. हा सांधा सर्वांत नाजूक असतो. भिंतीवर लेप फूटभर, तर अंघोळीच्या भागात सहा फुटांपर्यंत न्यावा. त्यासाठी तेथील जुन्या टाइल काढाव्या लागतील. दाराच्या चौकटीखालूनही तो थोडा बाहेर न्यावा.

टाइल लावण्यापूर्वी ड्रेनचे तोंड बंद करून, दारात विटांचा तात्पुरता बांध घालून २४ तास पाणी साठवावे. यासाठी साधारण १०० लिटर पाणी लागेल. टंचाईच्या दिवसांत या चाचणीला लोक कचरतात, हे समजण्यासारखे आहे. तरी ती टाळू नये, आणि तेच पाणी नंतर बांधकामावर मारावे. त्यानंतर टाइल ॲडहेसिव्हवर पूर्ण टेकवून बसवाव्यात, मसाल्याचे गोळे ठेवून खाली पोकळी राहू देऊ नये.

प्रश्न : परभणीला आमच्या नव्या न्हाणीघरातील लिनियर ड्रेनमधून उन्हाळ्यात दुर्गंधी येते आणि जाळीवर पांढरा थर साचतो. उपाय काय? 

उत्तर : ट्रॅपमध्ये साठून राहणारे पाणीच गटाराचा वास रोखते. उन्हाळ्यात वापर कमी झाला की ते आटते. न्हाणीघर काही दिवस बंद राहणार असेल, तर ट्रॅपमध्ये आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओतावे. तरीही वास आला, तर ट्रॅप मुळात बसवला आहे का, हे जाळी उचलून पाहावे. पांढरा थर बहुधा बोअरच्या पाण्यातील क्षारांचा असावा. त्यावर बाजारातील ॲसिड ओतू नये, कारण ते टाइलच्या फटींत भरलेले सिमेंटचे ग्राउट आणि स्टीलची जाळी दोन्ही खाते. जाळी काढून पातळ केलेल्या व्हिनेगरमध्ये थोडा वेळ ठेवावी आणि ब्रशने घासून स्वच्छ पाण्याने धुवावी.