मुलगी वाचनालयात गोष्टी नाचून सांगते, याचं पुढे काय?

ताई, तुमचं पत्र मिळालं आणि सोबतचा व्हिडिओ पण पूर्ण बघितला. तुम्ही लिहिलंय की मुलगी 23 वर्षांची, बी.कॉम. झालीये, भरतनाट्यम विशारद आहे, आणि गेल्या दिवाळीपासून तुमच्या तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात दर शनिवारी मुलांना गोष्ट सांगते आणि त्याच गोष्टीवर नाच बसवते, वाचनालय शनिवारचे 700 रुपये देतं, मुलं खूश, पालक खूश, पण तिचे बाबा म्हणतात हे सगळं छंद म्हणून ठीक, बी.एड. कर नाहीतर बँकेच्या परीक्षा दे. आणि तुम्हाला प्रश्न पडलाय की यात खरंच करिअर आहे का, की दोन वर्षांनी पश्चात्ताप होईल. नाव-गाव छापू नका म्हणालात, नाही छापत.

पैशाचं आधी बोलते, कारण घरात भांडण त्यावरूनच चालू असणार. 700 गुणिले चार म्हणजे महिन्याचे 2,800, यावर कोणाचंच घर चालत नाही आणि वाचनालयाने हे दुप्पट केले तरी चालणार नाही. आणि वाचनालय कंजूषपणा करतंय असं समजू नका हां. आपल्याकडची बहुतेक सार्वजनिक वाचनालयं 1967च्या ग्रंथालय कायद्याखाली मिळणाऱ्या अनुदानावर, वर्गणीवर आणि गावातल्या दोनचार देणगीदारांवर चालतात, अ ब क ड असे वर्ग असतात, ड वर्गाच्या वाचनालयाला वर्षाला मिळणारं अनुदान लाखाच्याही आत आहे, आणि त्यातला मोठा भाग सेवकांच्या पगारात आणि पुस्तकखरेदीत जातो. जिथे ग्रंथपालालाच जेमतेम पगार आहे तिथे कार्यशाळा घेणाऱ्या मुलीला कुठून जास्त देणार. म्हणजे बाबांचं गणित बरोबर आहे, फक्त त्यांनी त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही.

आता व्हिडिओबद्दल, कारण माझं खरं उत्तर त्यातच आहे. ससा-कासवाची गोष्ट आहे. मुलगी गोड बोलते, आवाज छान लागतो, घाई नाही. मग ती कासवाचा हस्त, म्हणजे हातांची मुद्रा, दाखवते, एका तळव्यावर दुसरा तळवा, मधली बोटं मिटलेली, अंगठे आणि करंगळ्या बाहेर, आणि अख्खी खोली ते करून बघायला लागते, कोणाची करंगळी बाहेर येत नाही, कोणाचा अंगठा आत जातो, एक छोटा तर उठून दारात उभ्या बाबांकडे जातो आणि नुसते हात दाखवतो. तो अर्धा मिनिट बघून मला कळलं की हिच्यात काहीतरी आहे. पण त्यानंतर पंचवीस मिनिटं ती अडवू, म्हणजे भरतनाट्यमच्या मूळ पदन्यासाचे धडे, शिकवत बसते. एक दोन तीन चार, पुन्हा, पाय जोरात. गोष्ट गेली कुठल्या कुठे, चार वर्षांची दोन पोरं टेबलाखाली, अकरा-बारा वर्षांचे मुलगे मागे भिंतीला टेकून एकमेकांना कोपर मारतायत, कारण त्यांना ससा व्हायची लाज वाटतेय. मग "चला, टाळ्या" म्हणून कार्यक्रम संपतो आणि सगळी मुलं बालविभागाच्या लोखंडी कपाटासमोरून चपला घालून निघून जातात. कपाटाला कुलूप.

मला नेमकं हेच सांगायचंय. अडवू शिकवणाऱ्या बायका गावात अजून चार असतील. वाचनालयात घेतलेली कार्यशाळा चांगली झाली की नाही हे मुलाचा पाय तालात पडला का यावर ठरत नाही, जाताना त्याच्या हातात पुस्तक होतं का यावर ठरतं. तुमच्या मुलीला हे एकदा कळलं की तिचं काम डान्स क्लासपेक्षा वेगळं होतं, आणि जे वेगळं असतं त्याचेच पुढे शाळा पैसे देतात. तर तिला म्हणावं, शनिवारच्या आधी ग्रंथपालांना भेट, कपाटाची किल्ली माग, जी गोष्ट सांगणार आहेस तिच्या आसपासची दहा-पंधरा पुस्तकं बाहेर काढून सतरंजीवर पसर, गोष्ट कुठल्या पुस्तकातली आहे ते मुखपृष्ठ दाखवून सांग, आणि शेवटची दहा मिनिटं कोणी काही शिकवायचं नाही, मुलांना पुस्तकं उचलू दे. त्या दिवशी किती पुस्तकं घरी गेली आणि किती नवीन बालसभासद झाले ते वहीत लिहून ठेवायचं. ही वही सहा महिन्यांनी फार कामाला येणार आहे, कारण वाचनालयाच्या कार्यकारिणीला "मुलांना खूप आवडतं" यापेक्षा हे आकडे समजतात.

बाकी बारीकसारीक. चार ते सात आणि आठ ते बारा असे दोन गट वेगळे करा, एकत्र नकोच, आणि मोठ्या मुलांना नाचायला लावायचं नाही आधी, त्यांना डफ द्या, सूत्रधार करा, पावसाचे आवाज काढायला लावा, दोन शनिवारांत आपणहून उठतील. 45 मिनिटांच्या वर नको. घुंगरू तर अजिबात नको, शेजारच्या अभ्यासिकेत एमपीएससीची पोरं बसलेली असतात आणि एका तक्रारीवर शनिवार बंद होतो, हे असं होताना बघितलंय. शिवाय खाली शहाबादी फरशी आहे, त्यावर लहान मुलांना जोरात पाय आपटायला लावू नये, सतरंजीने काही फरक पडत नाही. आणि इन्स्टावर रील टाकायची असेल तर आईवडिलांची लेखी परवानगी घ्या, मुलांचे चेहरे असे सर्रास टाकू नयेत, हे मी तुम्हालाही सांगतेय कारण व्हिडिओत तुमचाच आवाज आहे "इकडे बघा" म्हणणारा.

शिकायचं कुठे, तर नाच तिला येतो, गोष्ट अजून शिकायचीये. त्यासाठी महागडी ऑनलाइन सर्टिफिकेटं घेण्याआधी तिने चांगलं नारदीय कीर्तन बघावं, एकदा नाही, बऱ्याचदा. उत्तररंगात, म्हणजे कीर्तनाच्या दुसऱ्या भागात, कीर्तनकार एकटा उभा राहून आख्यान लावतो, गातो, दोन पावलं नाचतो, मध्येच समोरच्या आजीशी बोलतो आणि गोष्ट कुठेही सुटत नाही, तुमच्या मुलीला नेमकं हेच जमवायचंय. पुण्यात सदाशिव पेठेत नारद मंदिर आहे, तिथे कीर्तन शिकवतातही. कधी कोकणात गेलात तर कुडाळजवळ पिंगुळीला चित्रकथी बघा, नुसत्या चित्रांच्या पोथीवर आणि आवाजावर माणूस लोकांना कसा धरून ठेवतो ते. गोष्टींसाठी पंचतंत्र आहेच, लोककथा आहेत, आणि प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर साइटवर मराठीत ढीगभर सचित्र गोष्टी फुकट आणि मोकळ्या परवान्याने आहेत, लेखक-चित्रकाराचं नाव सांगून वापरता येतात. इतर पुस्तकांचं मात्र बघा, लेखक जाऊन 60 वर्षं झाली नसतील तर आणि तिकीट लावून प्रयोग करणार असाल तर प्रकाशकाला विचारायचं.

आता बी.एड. बी.कॉम.वर बी.एड. केलं तरी अकरावी-बारावीला अकाउंट्स शिकवायला वर एम.कॉम. लागतं. तिला आवडतात सहा वर्षांची मुलं. मग दोन वर्षं आणि फी कशासाठी घालवायची? बाबांना एखादा कागद हवाच असेल तर तीन रस्ते मला दिसतात. एक, नृत्यातली पदव्युत्तर पदवी, पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, मुंबईत नालंदा नृत्यकला महाविद्यालय आहे, पण हे तिला स्वतःला नर्तकी म्हणून पुढे जायचं असेल तरच. दोन, बी.लिब., म्हणजे ग्रंथालयशास्त्राची पदवी, पदवीनंतर एक वर्षाचं, मुक्त विद्यापीठातूनही होतं, यातून शाळेच्या लायब्ररीत शिरता येतं, आणि गोष्ट नाचून सांगणारा ग्रंथपाल कुठल्या शाळेला नको असेल. तीन, लहान मुलांच्या शिक्षणाचा डिप्लोमा. मला विचाराल तर दुसरा, हे काम करत करत. केंद्रीय विद्यालयांत नृत्याचे कोच कंत्राटी घेतात, शैक्षणिक वर्ष सुरू व्हायच्या आधी त्यांच्या वेबसाइटवर मुलाखतीच्या तारखा येतात, तेही बघत राहा, पण कंत्राटी म्हणजे कंत्राटी, दरवर्षी नव्याने.

आणि कमाई अशी जुळवायची, समजा साताऱ्या-कऱ्हाडकडच्या तीन शाळांत आठवड्याला एकेक तास, तासाचे हजार धरले तर महिन्याला 12,000. घरी भरतनाट्यमची बॅच, 20 मुली 600 रुपये फी, अजून 12,000. शाळांचे मे महिन्यात शून्य, पण तेव्हाच उन्हाळी शिबिरं असतात. हे दर माझ्या अंदाजाचे आहेत, तुमच्याकडे चौकशी करून बदला. म्हणजे वाचनालयाचा शनिवार पैशासाठी नाही, तो तिथे सुरूच ठेवायचा, कारण शाळेच्या मुख्याध्यापकांना "शनिवारी चार वाजता येऊन बघा" म्हणता येतं आणि मग बायोडेटा कोणी विचारत नाही. वाचनालयाला जास्त मानधन मागू नका, त्याऐवजी त्यांच्या लेटरहेडवर पत्र मागा. आणि त्यांना सांगा की कोलकात्याच्या राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठानकडे वाचनालयांच्या बालविभागासाठीही योजना आहेत, अर्ज वाचनालयाने करायचा असतो, त्या कागदपत्रांना मुलीने मदत करावी, कार्यकारिणी विसरणार नाही.

स्थळं येतात तेव्हा "मुलगी काय करते" याला काय सांगू असंही विचारलंय तुम्ही. मुलांसाठी कथा आणि नृत्याच्या कार्यशाळा घेते असं सांगा, आणि "म्हणजे नक्की काय" असं कोणी विचारलंच तर शनिवारी बोलवा.

बाबांशी बोलताना एक वर्षाची मुदत मागा, मोघम नको, पुढच्या एप्रिलपर्यंत महिन्याला 15,000 नाही झाले तर बी.लिब. किंवा बँक, असं मुलीनेच स्वतः सांगायचं, तुम्ही मध्ये पडायचं नाही. शाळांकडे मात्र जूनमध्ये जाऊ नका, तोपर्यंत त्यांचं वर्षाचं टाइमटेबल ठरून गेलेलं असतं. मार्च-एप्रिलमध्ये जा, दर, वयोगट आणि मुलांची संख्या लिहिलेलं एक पानी पत्रक सोबत न्या, वहीतले आकडे त्यातच टाका, आणि पहिला तास फुकट घेते असं अजिबात म्हणू नका, हवं तर अर्ध्या दरात.