बॅटरीत कुठलं पाणी घालायचं? आरओचं चालेल का?

प्रश्न : दादा, आमची गाडी जुनी आहे, बॅटरीला वर सहा झाकणं आहेत. परवा गॅरेजवाले म्हणाले की पाणी कमी झालंय, घालून घ्या. घरी आरओ आहे, ते पाणी शुद्धच असतं ना, मग तेच घातलं तर? शेजारचे काका म्हणतात एसीच्या नळीतून पडतं ते डिस्टिल्डच असतं, बादली लावून ठेवा. सासूबाई म्हणतात उकळून गार केलेलं घाला. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : ताई, या बाबतीत तिघांचंही नका ऐकू. बॅटरीत डिस्टिल्ड नाहीतर डिमिनरलाइज्ड पाणीच घालायचं, बाटलीवर ‘बॅटरी वॉटर’ लिहिलेलं असतं ते हेच. पेट्रोल पंपावर, स्पेअरपार्टच्या दुकानात कुठेही मिळतं, आणि नवीन बॅटरीच्या किमतीपुढे त्याचे पैसे म्हणजे काहीच नाही.

आता कारण सांगतो, कारण ते कळलं की परत कुणाला विचारायची वेळ येणार नाही. बॅटरीत गंधकाचं ॲसिड आणि पाणी मिसळलेलं असतं. चार्जिंग होताना पाण्याचा हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन उडून जातो, एप्रिल-मे मध्ये नाशकात पारा चाळीसला टेकतो तेव्हा बॉनेटखाली तर अजूनच लवकर, पण ॲसिड मात्र आतच राहतं. म्हणजे उडतं फक्त पाणी आणि त्यात जे काही विरघळलेलं असेल ते सगळं आत साठत जातं. दर वेळी थोडं थोडं. गीझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो ना, तसंच, फक्त इथे क्षार नुसते बसून राहत नाहीत. पाण्यात लोह असेल तर बॅटरी उभ्या उभ्या उतरते, क्लोराइड असेल तर आतल्या शिशाच्या प्लेटची जाळीच खाऊन टाकतं.

आरओचं पाणी पिण्यासाठी उत्तम, पण चव लागावी म्हणून त्यात क्षार मुद्दाम थोडे ठेवलेले असतात, टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, साधारण ५० ते १०० असतो. डिस्टिल्डचा एक आकडी असायला हवा. उकळल्यानं जंतू मरतात, क्लोराइड काही जात नाही, उलट पाणी आटतं आणि उरलेल्यात ते जास्तच दाट होतं. काकांचं म्हणणं अर्ध खरंय, एसीचं पाणी हवेतलंच असतं, पण ते तांब्याच्या नळ्या आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्यांवरून, वर्षभराच्या धुळीतून घसरत येतं, त्यामुळे धातू आणि घाण सोबत घेऊन येतं. झाडांना घाला ते.

घरीच बघायचं असेल तर एक करा. खिडकीची जुनी काच नाहीतर काळी स्टीलची ताटली स्वच्छ पुसून उन्हात ठेवा, एका कोपऱ्यात बोअरच्या पाण्याचा थेंब, दुसरीकडे आरओचा, तिसरीकडे डिस्टिल्डचा, तिन्ही वाळू द्या. बोअरच्या थेंबाचा ठळक पांढरा गोल राहील, आरओचा पुसट, डिस्टिल्डचा जवळपास काहीच नाही. तो पांढरा गोल म्हणजेच बॅटरीत गेला असता तो कचरा.

आणि एक फार महत्त्वाचं, दुकानात ॲसिडची बाटलीही तशीच दिसते, लेबल वाचूनच घ्या. माझ्याकडे एक गिऱ्हाईक आलं होतं, त्यांनी पाण्याऐवजी ॲसिडच घातलेलं, ॲसिडचं प्रमाण वाढून बॅटरी फार दिवस टिकली नाही.

घालताना इंजिन बंद, गाडी सपाट जागेवर, आधी बॅटरीचं वरचं तोंड ओल्या फडक्यानं पुसा म्हणजे धूळ आत जाणार नाही. डोळ्यांवर चष्मा हवाच, अंगावर जुने कपडे, कारण ॲसिडचा शिंतोडा उडाला तर कपड्याला हमखास भोक. काडी पेटवून आत डोकावू नका, हायड्रोजन पेट घेतो, मोबाइलचा टॉर्च लावा. प्लास्टिकच्या फनेलनं पाणी घाला, प्लेटा बुडून वर साधारण १० मिमी आलं की थांबा. काठोकाठ भरू नका, चार्ज होताना पातळी वर येते आणि ॲसिड बाहेर सांडतं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर आधी त्या जेमतेम बुडतील एवढंच घाला, बॅटरी चार्ज करून घ्या, मग वर सांगितलेल्या पातळीपर्यंत. ॲसिड सांडलं तर खायचा सोडा टाकून धुवा.

पाणी महिन्या-महिन्याला कमी होत असेल तर घालत बसण्यापेक्षा चार्जिंग व्होल्टेज बघून घ्या, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ च्या आसपास हवं, पंधराच्या वर जात असेल तर रेग्युलेटरचा दोष असू शकतो. एकाच खान्यातलं, म्हणजे एकाच झाकणाखालचं, पाणी जात असेल तर त्या खान्यातच गडबड आहे, बॅटरी दाखवून घ्या.

प्रश्न : माझ्या बॅटरीला झाकणंच नाहीत, वर एक छोटी गोल काच आहे, तिचा रंग हिरवा आहे. पाणी कुठून घालू?
– एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : दादा, ही मेंटेनन्स-फ्री बॅटरी, तिच्यात पाणी घालायचं नसतंच. काही जण वरून भोक पाडून पाणी घालतात, ते अजिबात करू नका. हिरवा म्हणजे बहुतेक वेळा ठीक, पण ती काच सहातला एकच खाना दाखवते. सकाळी स्टार्टर घुटमळत असेल तर रंगावर जाऊ नका, मल्टिमीटर लावून बघा. रात्रभर उभ्या गाडीच्या पूर्ण चार्ज बॅटरीत १२.६ च्या आसपास व्होल्ट दिसायला हवेत.